निघताना वाचायचं वाक्य

विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात बी.ए.च्या मुलामुलींना संशोधन सहाय्यक म्हणून घेणार, अशी नोटीस आमच्या कॉलेजच्या बोर्डावर लागली तेव्हा ती पूर्ण वाचायला मी एकटीच थांबले. बाकीच्यांचंही काही चुकलं नव्हतं. मानधन प्रवासखर्चापुरतं आणि वर अनुभवाचं प्रमाणपत्र. जळगावात अनुभवाच्या प्रमाणपत्रावर कुणी चहासुद्धा पाजत नाही. पण मला खालची ओळ दिसली होती. काम चांगलं केलं तर एम.ए.च्या प्रवेशाच्या वेळी विभागाकडून शिफारसपत्र मिळेल, असं तिथे लिहिलं होतं.

मला ते पत्र हवं होतं. वडील यावलला केळीच्या गाड्या भरायला जात. ‘बी.ए. होऊ दे, मग पाहू’ असं ते म्हणायचे आणि त्या ‘पाहू’चा अर्थ घरात सगळ्यांना माहीत होता. मावशीने एक स्थळ आणून ठेवलं होतं. मुलाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं आणि मुलगा वाईट होता असंही नाही. फक्त मला तो नको होता. ‘विद्यापीठाने आमच्या पोरीला पत्र देऊन बोलावलंय’ एवढं नातेवाइकांत सांगता आलं असतं, तर वडिलांनी मावशीला परस्पर गप्प केलं असतं.

मुलाखतीला आलेल्या बाकीच्या मुली इंग्रजीत बोलत होत्या. मी रात्रभर पाठ केलेली वाक्यं मनात घोळवत बसले होते. आत गेल्यावर विभागातल्या मॅडमनी मला मानसशास्त्रातलं काहीच विचारलं नाही. अर्जावर नजर टाकून म्हणाल्या, “अहिराणी येते?”

आमच्या घरी यावलकडची बोली, पण आईचं माहेर साक्री तालुक्यातलं, त्यामुळे उन्हाळ्याच्या सगळ्या सुट्ट्या तिकडे गेलेल्या. येते म्हटलं.

“बोल काहीतरी.”

मला काय सुचावं? मी म्हटलं, “तुमी जेवनात का?” मॅडम खळखळून हसल्या आणि मला घेतलं. डोक्यासाठी नाही, जिभेसाठी घेतलं, हे तेव्हाच कळलं होतं. वाईट वाटलं. पण घेतलं ना, अशी स्वतःची समजूत काढत मी मेहरूणच्या खोलीवर चालत गेले. तिथे आम्ही काही मुली भाड्याने राहायचो.

संशोधन म्हणजे मेंदूला तारा लावलेला माणूस, बाजूला यंत्र, आणि आपण पांढऱ्या कोटात, अशी माझी कल्पना. विभागात एक पत्र्याचं कपाट होतं. त्यात जुन्या चाचण्यांचे डबे आणि एक कायमची वस्तीला असलेली पाल. पहिले काही आठवडे मी झेरॉक्स आणल्या, कागदांना पिना मारल्या, खुर्च्या एका वर्गातून दुसऱ्या वर्गात नेल्या. मॅडमच्या हाताखालची पीएच.डी.ची मंडळी मला ‘बेटा’ म्हणत आणि काम सांगत. मी सगळं केलं. तोंड वाकडं करायची मला सवय आहे, पण त्या दिवसांत तेही आवरलं.

मग प्रकल्प सुरू झाला. महामार्गावरच्या अपघातात ज्यांच्या घरचं माणूस गेलं, अशा घरांत जाऊन घरच्या बाईची मनःस्थिती नोंदवायची. झोप, भूक, कामात लक्ष लागतं का, जगण्यात रस वाटतो का. सहा महिन्यांनी पुन्हा जायचं आणि तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. त्यावरून दुःख कसं ओसरतं, कोणाचं ओसरत नाही, हे कळणार होतं. विषय खरा होता. आमच्याकडे महामार्ग म्हटलं की बसमधला प्रत्येक जण एकेका वळणावर कुणाचं तरी नाव सांगतो.

मॅडम पुण्याच्या. इथे येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती आणि आमच्या लोकांविषयी त्यांना मनापासून काही वाटायचं, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणी त्यांना खलनायिका करेल. त्यांनी आम्हाला शिकवलं की प्रश्न जसा छापला आहे तसाच विचारायचा. आपल्या मनाने एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. समोरची बाई रडली तर थांबायचं, पाणी द्यायचं, पण आपण रडायचं नाही, धीरही द्यायचा नाही. अहिराणी भाषांतर मी केलं होतं आणि दोघातिघांनी तपासलं होतं, तेसुद्धा मी वाचूनच दाखवायचं. सगळं रेकॉर्ड करायचं. आणि मुलाखत संपली की निघताना शेवटचं वाक्य वाचायचं: ‘तुम्ही वेळ दिलात त्याबद्दल आभार. सहा महिन्यांनी आम्ही पुन्हा येऊ.’

हे वाक्य मी भाषांतर करताना वाचलं होतं. गंमत बघा, तेव्हा मला काहीच खटकलं नव्हतं. विभागाच्या टेबलावर पंख्याखाली ते अगदी सभ्य वाक्य होतं.

आमच्याकडे कुणी गेलं की लोक त्या घरी ‘दारवर’ येतात. येणारी बाई गल्लीच्या तोंडापासूनच हेल काढते, घरची बाई तिच्या गळ्यात पडून रडते. मग पाणी, मग हळूहळू इकडच्या तिकडच्या गोष्टी, पीकपाणी, कुणाची मुलगी कुठे दिली. आणि उठताना कुणी ‘येते’ म्हणत नाही. घरचं कुणी ‘या’ म्हणत नाही. गुपचूप उठायचं, चपला घालायच्या आणि चालू लागायचं. दारवर परत यायचं म्हणजे त्या घरात परत तसंच काही घडायला हवं, आणि ते आपल्या तोंडून निघायला नको. आमच्या घरात नवस नाही, अंगारा नाही, लिंबू-मिरची नाही. वडील बाबासाहेबांचे नुसते फोटो लावणारे नाहीत, वाचणारे आहेत, आणि बुवाबाजीची टिंगल करायला लागले की ऐकत राहावं. पण मयताच्या घरून उठताना तेसुद्धा ‘येतो’ म्हणत नाहीत. एकदा मी छेडलं तर म्हणाले, “यात देव नाही, धर्म नाही. समोरच्याचा जीव आधीच अर्धा झालेला असतो, एवढंच.”

आमचं पहिलं घर साक्रीच्या पलीकडच्या एका गावात होतं. माझ्याबरोबर जळगावचीच एक मुलगी होती, माझ्याच वर्षाची, हुशार आणि नीटनेटकी. ती रेकॉर्डर आणि कागद सांभाळणार, मी विचारणार, असं ठरलं होतं. घरात नवरा-बायको दोघंच. एकुलता एक मुलगा धुळ्याहून मोटारसायकलवर येताना ट्रेलरखाली गेला होता. नवऱ्याला गाव नाना म्हणायचं. ते बाहेर बाजेवर बसून होते आणि आम्ही गेलो तरी त्यांनी मान वर केली नाही. बाईला सगळे अक्का म्हणायचे, मग मीही अक्का म्हटलं. मी दारात पाय ठेवला तशी तिने मला जवळ ओढलं आणि मुलाचं नाव घेऊन टाहो फोडला. मी रडले नाही. दात दाबून बसले. माझी जोडीदारीण भिंतीला टेकून रेकॉर्डर धरून उभी होती.

शेजारच्या बाया आल्या. प्रश्न झाले. झोप येस का? नही. भूक लागस का? नही. जीव नकोसा वाटस का? अक्का म्हणाली, “वाटस. पन त्यासले कोन पाही?” आणि बाहेर बाजेकडे बोट केलं. नवऱ्याला कोण बघणार, म्हणून ती जगत होती. मी ते जसंच्या तसं लिहिलं. असं उत्तर आलं की लगेच मॅडमना कळवायचं आणि बाईला दवाखान्याचा पत्ता द्यायचा, तेही केलं.

शेवटच्या वाक्यापाशी मात्र माझी जीभ अडकली. त्या बाया, ते घर, नाना बाहेर. मी कागद घडी करू लागले. जोडीदारणीला वाटलं मी दमले. तिने मदत म्हणून, स्वच्छ पुस्तकी मराठीत, हसून, ते वाक्य वाचलं. सहा महिन्यांनी आम्ही पुन्हा येऊ. मी तिचा पाय दाबेपर्यंत वाचून झालं होतं.

मग एक म्हातारी म्हणाली, “आसं नही म्हनतस, माय.” रागावून नाही, लहान मुलाला विस्तवापासून ओढावं तशी. अक्काने आमच्याकडे पाहिलंच नाही. ती दारातून बाहेर, नवऱ्याकडे बघत होती.

परत जाताना बसमध्ये मी जोडीदारणीला सगळं सांगितलं. ती रडायला लागली. तिच्या घरी लोक फोनवर सांत्वन करतात, मग फुलं पाठवतात. तिला कसं माहीत असणार? मी तिच्यावर चिडले नाही. मी त्या कागदावर चिडले होते, आणि कागदावर चिडून फार काही होत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना गाठलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, मध्ये एकदाही हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तुझं पटतंय मला. पण त्यांना न सांगता सहा महिन्यांनी त्यांच्या दारात जाऊन उभं राहायचं? ते बरोबर आहे? त्यांना आधी माहीत हवं, नको म्हणायची संधी हवी. ते वाक्य माझ्या सोयीसाठी नाही, त्यांच्यासाठी आहे.”

त्यांचंही खरंच होतं. शेवटी त्यांनी एवढं मान्य केलं की ते वाक्य घरात न वाचता बाहेर, रस्त्यावर, सोबत आलेल्या एखाद्या नातेवाइकाला वाचून दाखवायचं, पण ते रेकॉर्ड झालं पाहिजे. नसेल तर ती मुलाखत धरता येणार नाही. पुढच्या सगळ्या घरांत मी तसंच केलं. गल्लीच्या टोकाला एखाद्या काकाला किंवा दिराला गाठायचं आणि खाली मान घालून वाचायचं. ते लोकही खाली मान घालूनच ऐकायचे. काम चाललं. मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या की या वर्षीच्या सहाय्यकांत माझ्या मुलाखती सगळ्यात स्वच्छ आहेत. त्या दिवशी मी यावलला फोन करून वडिलांना तेवढं वाक्य तीनदा सांगितलं.

मे महिन्यात दुसरी फेरी सुरू झाली. जोडीदारणीला पुण्याच्या एका मोठ्या संस्थेत तसलंच काम मिळालं होतं, पण मानधन घसघशीत, त्यामुळे ती गेली. मी एकटीच राहिले. अक्काच्या घरी जायच्या आधी फोन लावत होते, तर नानांचा नंबर बंद. मनात काही आलं नाही. आमच्याकडे नंबर बंद व्हायला कारण लागत नाही.

गावात उतरले तेव्हा उन्हाने रस्ता पांढरा पडला होता. पाराजवळच्या टपरीवर पाण्याची बाटली घेताना टपरीवाल्याने विचारलं, कोणाकडे? सांगितलं. तो म्हणाला, नाना तर गेले. कसे? जेवता जेवता. हातातला घास तसाच. होळीच्या सुमाराला.

माझ्या हातातली बाटली मी तशीच परत ठेवली, का ते मलाही माहीत नाही. मला नीट कळत होतं की म्हातारा हृदयविकाराने गेला, की मुलगा गेल्यावर असे बाप जातात, हे आम्ही वर्गात शिकलोही होतो. वाक्याने माणूस मरत नाही. मी वडिलांची मुलगी आहे. पण पाय पुढे टाकताना मला भीती वाटली, साधी, लहानपणीची भीती. परत फिरावं असं वाटलं. फिरले नाही, कारण ही एक मुलाखत राहिली तर शिफारसपत्राचं काय, हाही विचार तिथेच, त्याच उन्हात मनात होता. दोन्ही एकदम होतं, हे सांगायला लाज कसली.

गल्लीत बाया होत्या. त्यांनी मला ओळखलं. तीच म्हातारी ओट्यावर होती. ती म्हणाली, “म्हनी गयथात ना, परत इसूत? उनात.” म्हणून गेला होतात ना, परत येऊ म्हणून. आलात. त्यात शिवी नव्हती, शाप नव्हता. मला शिवी चालली असती.

अक्का घरात एकटी बसली होती. मी दारात थांबले. आता ती जवळ ओढेल, नानांचं नाव घेऊन रडेल, मी या खेपेला प्रशिक्षण गेलं खड्ड्यात म्हणून रडून घेईन, असं मी गल्लीतून येताना ठरवलं होतं. ती रडली नाही. म्हणाली, “ये. बठ.” लोट्यातून पाणी दिलं. घर झाडलेलं होतं, भांडी घासून पालथी घातली होती, आणि त्या नीटपणाने मला आणखी कसंतरी झालं.

“अक्का, आज नही इचारस मी,” मी म्हटलं. “ऱ्हाऊ द्या.”

“नही. इचार. त्यानासाठीच उनी ना तू?”

मी रेकॉर्डर लावला. झोप येस का? येस. भूक लागस का? लागस. काममा मन लागस का? लागस. ती समोर बघत पटापट उत्तरं देत होती, शाळेतल्या तपासणीला देतात तशी. मी शेवटच्या प्रश्नाशी आले. जीव नकोसा वाटस का?

“नही.”

मी पुन्हा विचारलं. दोनदा विचारायची परवानगी नव्हती, तरी विचारलं. “नही ना वं,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात जरा वैताग होता. मी ‘नाही’ लिहिलं. बेरीज केली. मागच्या वेळेपेक्षा आकडा निम्म्याहून खाली आला होता. कागदाच्या हिशोबाने बाई सुधारत होती.

मी काही न बोलता उठले. चपलेत पाय घालत होते, तेवढ्यात ती म्हणाली, “आन ते ऱ्हायनं ना.”

“काय?”

“मांगला टाइमले म्हनी गयथात ते. परत इसूत. म्हन ना.”

मला वाटलं ती टोमणा मारतेय. मी वळून बघितलं. टोमणा नव्हता. ती माझ्याकडे अशी बघत होती, जसं दवाखान्यात कुणी नर्सकडे बघतं, आता इंजेक्शन देईल म्हणून.

“म्हन. आते मी एकलीच ऱ्हायनी.”

मग मला कळलं. ते वाक्य म्हटलं तर या घरात आणखी एक जण जाईल, असा तिचा हिशोब होता, आणि घरात आता दुसरं कुणी नव्हतं. विहीर, दोरी, औषध, हे ती करणार नव्हती, तिला ते पाप वाटत असेल किंवा तेवढा जीवही उरला नसेल. तिला ते माझ्याकडून हवं होतं. सोपं, तोंडाने, एका वाक्यात. शेवटच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे होतं आणि माझ्या हातातल्या कागदावर ‘नाही’ लिहिलेलं होतं.

“नही म्हनस मी,” मी म्हटलं.

“काब्र? तवय म्हनं ना?” त्या वेळी म्हटलंत ना, मग आता का नाही.

“नही म्हनस.”

रेकॉर्डर चालू होता. नियमाने मला ते वाक्य वाचायलाच हवं होतं. बाहेर रस्त्यावर वाचून दाखवावं असा कुणी दीर किंवा काका या घराला नव्हता. मी रेकॉर्डर बंद केला, पिशवीत कोंबला आणि चालू लागले. पाराशी पोहोचेपर्यंत मी हुंदके देत होते आणि टपरीवाला दुसरीकडे बघत होता.

मॅडमनी माझ्यासमोर हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकलं. शेवटच्या भागाशी त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्यांना एवढी अहिराणी कळायला लागली होती. “किती छान जुळलंय ग तुमचं,” त्या म्हणाल्या. “परत येऊ म्हण, म्हणून आग्रह करतेय ती. इतक्या दुःखातही.”

मी त्यांना काय चाललंय ते सांगितलं. हळूहळू, एकेक पायरी, कारण मला त्यांचा अपमान करायचा नव्हता. त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, “पण प्रश्न विचारला तेव्हा ती नाही म्हणाली ना?”

“हो.”

“मग मी कशाच्या आधारावर…”

त्यांनी हात झटकले असं मात्र झालं नाही. माझ्यासमोरच तिथल्या आरोग्य केंद्राला फोन केला. नर्स आणि आशाताई अक्काच्या घरी जाऊन आल्या. अक्काने त्यांना चहा पाजला, ‘मी बेस शे’, म्हणजे बरी आहे, म्हणाली, आणि हसलीसुद्धा. नर्सने कळवलं की बाई शेतात कामाला जाते, जेवते, काही काळजीचं दिसत नाही. प्रत्येकाने आपापलं काम नीट केलं होतं. मला कुणाच्या तरी अंगावर धावून जावंसं वाटत होतं आणि धावून जावं असं कुणी सापडत नव्हतं.

शेवटचं वाक्य रेकॉर्ड झालं नाही म्हणून ती मुलाखत बाद झाली. प्रकल्पावर छापून आलेल्या शोधनिबंधात अक्का कुठेच नाही, एका आकड्यातसुद्धा नाही. शिफारसपत्र मला मिळालं. मॅडमनी ते मोठ्या मायेने लिहिलं होतं. वडिलांनी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दोन दिवस यावलभर फिरवलं, मावशी गप्प झाली, मला प्रवेश मिळाला, होस्टेल मिळालं. जे हवं होतं ते सगळं मिळालं. त्या पत्रात ‘ग्रामीण भागातील लोकांशी संवाद साधण्याचे उत्तम कौशल्य’ असं एक वाक्य आहे. ते वाचलं की अजून माझ्या डोक्यात तिडीक जाते.

मी अक्काकडे जात राहिले. प्रकल्पाचं नाव नाही, कागद नाही, रेकॉर्डर नाही. सुट्टी मिळाली की जळगावहून धुळे, धुळ्याहून साक्री, पुढे मिळेल ते वाहन. कधी महिन्याने, कधी त्याहून उशिरा. आधी कळवत नाही. ती कधी शेंगा फोडत असते, कधी नुसती बसलेली. आम्ही फार बोलत नाही. मुलाबद्दल कधीमधी बोलते, नानांबद्दल अजिबात नाही. आणि मी उठले की ती म्हणते, “म्हनी दे ना. तुनं काय जास?” तुझं काय जातं. मी नाही म्हणते. ती तोंड फिरवते. मी चपला घालते आणि न सांगता निघते. पुढच्या वेळी न सांगताच परत जाते. दुसरं काही मला सुचलेलं नाही. दोन वर्षं समुपदेशन शिकले, त्यातलं एकही तंत्र तिच्यापुढे चाललं नाही. चाललं ते फक्त माझं हट्टी ‘नाही’.

या थंडीत गेले तेव्हा ती ओट्यावर उन्हाला बसली होती. दुपार तिच्याबरोबर काढली. मी उठले. ती म्हणाली, “जाय, बस चुकी जाई.” एवढंच.

मी गल्लीच्या टोकापर्यंत गेले. मनात म्हटलं, चला, या खेपेला नाही विचारलं तिने, सुटले. आणि तिथेच माझे पाय थांबले. ती विचारायची, म्हणजे तिचं मरण माझ्या तोंडावर अवलंबून होतं, आणि मी नाही म्हणत होते तोवर ते थांबलेलं होतं. आज तिने विचारलं नाही. ती बरी झाली म्हणून? की आता तिला माझ्या तोंडाची गरज उरली नाही, तिने आपलं आपण काही ठरवलं म्हणून? मला ओळखता येईना. एम.ए. झालेल्या मला, इतक्या घरांत इतके प्रश्न विचारलेल्या मला, एका बाईच्या एका वाक्यावरून काही म्हणजे काही सांगता येईना.

मी मागे फिरले. ती दारातच उभी होती.

“काय ऱ्हायनं वं?”

“अक्का,” मी म्हटलं, “माले सांगा ना. दर खेपले सांगतस ते.”

“काय?”

“म्हन म्हनी सांगा ना. एक डाव सांगा. मी नही म्हनसू, पन तुमी सांगा.”

मी अक्षरशः हात जोडले होते. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःख नव्हतं, मला वाचता येईल असं काहीच नव्हतं. मग ती आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

मी ओट्यावर बसले. पाराकडून बसचा हॉर्न आला, लोक चढल्याचा गलबला झाला, बस गेली. मी दाराला कान लावून होते. आत भांडं वाजलं की जीव खाली यायचा, शांत झालं की वर जायचा. शेजारच्या घरी दिवा लागला. बऱ्याच वेळाने आतून तिचा आवाज आला.

“भाकर खाशी का?”

“खासू.”

“मंग तठे काब्र बठनी? मझार ये.”

मी आत गेले. चुलीवर तवा होता आणि तिने एकीचंच पीठ मळलेलं होतं. माझ्याकडे न बघता तिने डब्यातून आणखी मूठभर पीठ काढलं आणि त्यात मिसळलं.